दोन त्र्यंबक आणि एक फाटक

माघार

"हे फाटक रोजच असं पडतं का रे?" साहेबांनी विचारलं.

साहेब म्हणजे आमच्या गोरवड मतदारसंघाचे तीन वेळचे खासदार, त्र्यंबकराव शेळके. विचारलं ते मला. मी म्हणजेही त्र्यंबक शेळकेच, फक्त राव नसलेला. रिक्षावर दोन कर्णे बांधून गावभर ओरडत फिरायचं, हा माझा धंदा. सेल लागला, सर्कस आली, उद्या नळाला पाणी नाही, कोणाची म्हैस सुटली, कोणाचा दहावा कुठल्या घाटावर, गोरवडला जे काही कळायचं ते माझ्या तोंडून. गावात मला त्र्यंबक भोंगा म्हणत.

साहेबांच्या पांढऱ्या गाडीत मागच्या सीटवर आम्ही दोघं शेजारी शेजारी बसलो होतो. गाडीतला गारवा मला सोसत नव्हता आणि साहेबांना पुरत नव्हता. माझ्या मांडीवर माझ्याच सहीचा माघारीचा अर्ज. फाटकापलीकडे मैलभरावर कलेक्टर कचेरी. तिथं तीनच्या आत मी जातीनं हा अर्ज दिला, की लोकसभेच्या निवडणुकीतून मी बाहेर आणि गोरवडात त्र्यंबक शेळके एकच. नाही दिला, तर मतदानयंत्रावर दोन.

यंत्रावर उमेदवाराचा फोटो यायच्या आधीची ही गोष्ट. तेव्हा देश नाव आणि चिन्ह एवढ्यावरच चालायचा.

फाटकावर मालगाडी आली. आली ती गेली नाही. उभी राहिली.

अर्ज

आता थोडं मागं जाऊ. मालगाडी उभीच आहे, घाई नाही.

महिन्यापूर्वी उपळेकर वकील घरी आले होते. साहेबांच्या विरोधातल्या गुंजाळांच्या गटाचे हे वकील. हातात खोकं, खोक्यात नवा कोरा अॅम्प्लिफायर. ते खोकं त्यांनी देवासमोर ठेवलं आणि म्हणाले, "त्र्यंबकशेठ, तुम्ही उभं राहायचं."

"कुठं?"

"लोकसभेला."

माझी बायको इंदू भाकरी थापत होती, ती थांबली. "यांना? रेशनच्या रांगेत उभं राहा म्हटलं तर यांचे पाय दुखतात."

"वहिनी, फक्त उभं राहायचंय. फिरायचं नाही, भेटायचं नाही, बोलायचं तर अजिबात नाही."

"बोलायचं नाही?" मी म्हटलं. "मग माझा उपयोग काय?"

"तुमचं नाव बोलेल की," वकील म्हणाले. "शंभरात दोन माणसं चुकतात. चष्मा घरी राहिलेला असतो, बाहेर गाडीवान ओरडत असतो, आत गेल्यावर घाम फुटतो. त्र्यंबक शेळके दिसलं की दाबलं बटण. शंभरात दोन, म्हणजे हजारात वीस, म्हणजे लाखात किती ते तुम्ही करा."

"पण ही फसवणूक झाली," इंदू म्हणाली.

"वहिनी, लोकशाहीत जिंकायला समोरच्यापेक्षा एक मत जास्त लागतं. ते एक आपण वाढवायचं, नाहीतर त्याचं घटवायचं. वाढवायला काम करावं लागतं."

इंदूनं भाकरी उलथली. मी अॅम्प्लिफायरकडे बघत होतो. शंभर वॅटचा होता. असं म्हणायला पाहिजे की मी तत्त्वासाठी उभा राहिलो. म्हणतो. पण खोक्याचं वजनही बरंच होतं.

आणखी एक कारण होतं, ते मी वकिलांना सांगितलं नाही. गेल्या तिन्ही निवडणुकांत साहेबांचा प्रचार मीच केला होता. माझी रिक्षा, माझे कर्णे, माझा गळा. "त्र्यंबक शेळके यांना प्रचंड बहुमताने विजयी करा! फाटकाखाली बोगदा, हाच आमचा वायदा!" स्वतःच्या नावाचा जयघोष स्वतःच करायचा आणि जिंकायचं दुसऱ्यानं, असला योग फार कमी लोकांच्या पत्रिकेत असतो.

साहेब जिंकून दिल्लीला जायचे. वायदा मागं राहायचा. आणि तो ऐकलेला असायचा माझ्या आवाजात.

फाटकाशी पारूबाई काकड्या विकायची. अडकलेल्या गाड्यांतून फिरायची, मीठ-तिखट लावून द्यायची. तिची सून एकदा माझ्याच रिक्षात अडली. समोर बंद फाटक, पलीकडे सरकारी दवाखाना. फाटक उघडलं नाही, पण नात झाली. माझ्या कर्ण्याखाली, रेल्वेच्या शिट्टीबरोबर. शाळेत त्या पोरीचं नाव वैष्णवी आहे, घरी तिला रेल्वेबाई म्हणतात. तेव्हापासून मी फाटकावर दिसलो की पारूबाई टोपली डोक्यावर घेऊन ओरडायची, "भोंग्या, बोगदा कुठाय?"

बाकीचे हसायचे. मग बाकीचेही विचारायला लागले. पोरं, दूधवाले, मास्तर. साहेबांना कोणी विचारत नव्हतं. साहेब हमरस्त्यानं येत आणि हमरस्त्यानं जात. फाटकावर सापडायचो मी. आपल्या आवाजातून तो बोगदा कसा काढून टाकायचा, हे मला उमगत नव्हतं. कुठंही, कसंही, पण तो प्रश्न अंगावरून उतरावा, एवढंच मला हवं होतं. वाटलं, साहेब पडले तर निदान उत्तर देता येईल, "ते पडले, बोगदाही पडला."

छाननी

दोन उमेदवारांचं नाव एकच असेल, तर ओळखू येण्यासाठी त्यापुढे धंदा किंवा राहण्याचं गाव जोडायचं, असा नियम आहे. कलेक्टर बाईंनी तो वाचून दाखवला आणि दोघांच्या वकिलांना विचारलं, "धंदा काय जोडू?"

साहेबांच्या वकिलांनी सांगितलं, "शेती व समाजसेवा."

उपळेकरांनी माझ्यातर्फे सांगितलं, "शेती व समाजसेवा."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. "शेती कुठं आहे तुमची?"

"दारात कुंडी आहे," मी म्हटलं. "तुळस."

उपळेकरांनी माझा पाय दाबला. साहेबांचे वकील उसळून म्हणाले, "मॅडम, हा भोंगेवाला आहे. भोंगेवाला लिहा!"

"समाजाला माहिती देणं ही समाजसेवा नाही का?" उपळेकर म्हणाले.

"गाव?" बाईंनी विचारलं.

दोघांचंही गाव गोरवड. शेवटी बाईंनी वडिलांची नावं मधे घातली. साहेबांचे वडील दादाराव, माझे दगडू. एवढ्या अवाढव्य देशात मतदारानं विचारपूर्वक निवड करावी म्हणून कायद्यानं त्याला एवढी मदत केली.

माझ्या अर्जावर दहा सूचक होते. अपक्षाला दहा मतदारांनी सुचवावं लागतं. त्या दहाजणांना मी आजपर्यंत भेटलेलो नाही. ते सगळे गुंजाळांचे. जनतेचा एवढा आग्रह मागं असल्यावर माणूस काय करणार?

माघार, पुढे चालू

माघारीच्या शेवटच्या दिवसापर्यंत उपळेकरांनी मला एका लॉजवर ठेवलं होतं. राखण म्हणून ते स्वतः होते. शेवटच्या दुपारी त्यांनी मटण मागवलं. भाकरी कुस्करून, वर लिंबू पिळून ते पोटभर जेवले आणि लोकशाहीचा पहारेकरी घोरायला लागला. माझा बनियन घामानं चिकटला होता. म्हटलं, घरी जाऊन बदलून येऊ.

घरी साहेब बसले होते.

आमच्या खाटेवर, मांडी घालून, बशीत ओतून चहा पीत होते. तीन निवडणुकांत माझ्या घरी त्यांचं कॅलेंडर आलं होतं, ते नव्हते आले.

"या नामबंधू," ते म्हणाले. "वहिनींचा चहा फक्कड आहे."

इंदू डोक्यावर पदर घेऊन चुलीपाशी उभी. तिनं मला डोळ्यानं खुणावलं, म्हणजे काय ते मला कळलं नाही. लग्नाला वीस वर्षं झाली तरी तिच्या खुणा मला कळत नाहीत.

"त्र्यंबक, तू माझा माणूस," साहेब म्हणाले. "माझा आवाज. आवाज कधी माणसाच्या विरोधात उभा राहतो का?"

आता खरं सांगतो, मी विरघळलो. माणूस म्हणावं कोणीतरी, तेही खाटेवर बसून. साहेबांनी माघारीचा अर्ज तयारच ठेवला होता. मी गाडीच्या बॉनेटवर ठेवून सही केली. बनियन बदलायचा राहिला तो राहिलाच.

मग गाडी, मग फाटक, मग मालगाडी. मग तो प्रश्न.

"हे फाटक रोजच असं पडतं का रे?"

"रोजच, साहेब," मी म्हटलं.

"बराच वेळ?"

"गाडीच्या मर्जीवर."

साहेबांनी घड्याळ पाहिलं. ड्रायव्हर बंडू खाली उतरून पुढं जाऊन आला. "पुढं सिग्नल नाही म्हणतात. इंजिन त्या तिकडं पुलापर्यंत गेलंय."

"दुसरा रस्ता?"

"हमरस्त्यानं वळसा घालून, साहेब. पण मागं ट्रॅक्टर लागलेत. फिरवता येत नाही."

साहेबांनी स्टेशनमास्तरला फोन लावला. पलीकडचा आवाज बारीक होता, पण गाडीत सगळं ऐकू येत होतं.

"मी खासदार शेळके बोलतोय. गाडी हलवा."

"नमस्कार साहेब. पण आचारसंहिता सुरू आहे. सध्या आपण उमेदवार."

"अरे, मग उमेदवारासाठी हलवा!"

"मग सगळ्याच उमेदवारांसाठी हलवावी लागेल, साहेब."

काचेवर टकटक झाली. साहेबांनी काच खाली केली. काकडीचा वास आत आला आणि मागोमाग पारूबाईचं तोंड.

"काकडी घ्या, मीठ-तिखट... अगं बाई! भोंग्या! कुणाची गाडी पळवलीस?"

"नमस्कार मावशी," साहेब पुढं वाकून म्हणाले.

"हे कोण?" पारूबाईनं मला विचारलं.

"खासदार आहेत."

"कुठले?"

"आपलेच, पारूबाई."

तिनं साहेबांना नीट पाहिलं. "आपलेच? मग इकडं कसे काय चुकले?"

साहेब हसले. सराव होता त्यांना. म्हणाले, "मावशी, बोगद्याचंच काम आहे. आता हा त्र्यंबक माघार घेतोय, म्हणजे बोगद्याचा मार्ग मोकळा."

"याच्यामुळं अडलाय होय बोगदा?" पारूबाई म्हणाली. "आणि मी उगीच तुम्हाला शिव्या देत होते."

"साहेब," मी विचारलं, "बोगदा नक्की होईल ना?"

"बघ, तुला नीट सांगतो." साहेबांनी पाय वर घेतले. "दिल्लीत आम्ही पाचशे त्रेचाळीस. त्यातले दोनशे बहात्तर एका बाजूला झाले, की सरकार. सरकार झालं, की पंतप्रधान. पंतप्रधान झाला, की मंत्री. त्यात रेल्वेचा मंत्री आपल्या ओळखीचा निघाला, की फाइल. तुझ्या बोगद्याचा रस्ता दिल्लीवरून जातो."

"दिल्लीला जायलाही आधी हे फाटक ओलांडावं लागतं, साहेब."

"तेच तर म्हणतोय. ओलांड आणि अर्ज दे."

समोर लोक ओलांडतच होते. मालगाडीच्या दोन डब्यांच्या मधून, चाकांच्या खालून. एका मास्तरीणबाईंनी आधी पर्स पलीकडे सरकवली, मग स्वतः वाकल्या. दूधवाल्यानं किटल्या एकेक करून दिल्या. एकानं सायकल आडवी करून ओढली. कोणाच्या तोंडावर भीती नव्हती. भीती वाटायला त्यात नवीन काही नव्हतं.

साहेबांनी ते पाहिलं आणि त्यांचा चेहरा उजळला.

"अरे, मग तू खालून जा की! पलीकडे माझा माणूस मोटारसायकल घेऊन उभा आहे. अजून वेळ आहे."

"आणि आपण?"

"मला या वयात कसं जमेल? आणि अर्ज तुझा आहे, माझा नाही."

"जा की," पारूबाईनं दुजोरा दिला. "रोज तर जातोस. परवा सिलिंडर घेऊन गेलास."

मी अर्ज घेऊन उतरलो. बाहेरचं ऊन बरं वाटलं. डब्याजवळ गेलो. खाली पलीकडची माणसं दिसत होती, कमरेपर्यंतची. मोटारसायकलचं पुढचं चाकही दिसत होतं. नुसतं वाकायचं होतं.

मी उभा राहिलो. मग परत आलो.

"काय झालं?" साहेब.

"साहेब, तिथं पाटी आहे. रूळ ओलांडणं दंडनीय अपराध आहे."

साहेबांना आधी कळलंच नाही. मग कळलं. "अरे, दंड मी भरीन!"

"दंडाचं नाही, साहेब. उमेदवारावर गुन्हा नोंदला तर शपथपत्रात लिहावा लागतो. माझं शपथपत्र कोरं आहे."

"माघार घेतल्यावर तू उमेदवार कुठं राहतोस, गाढवा!"

"घेईपर्यंत तर आहे ना, साहेब."

बंडू ड्रायव्हर मान फिरवून पलीकडे बघायला लागला. त्याचे खांदे हलत होते.

साहेबांचा आवाज खाली आला. "त्र्यंबक. बोगदा देतो. माझा शब्द."

"लिहून द्या."

"आचारसंहिता आहे. नवीन आश्वासन देता येत नाही."

"नवीन कुठं, साहेब? तीनदा मीच दिलंय."

साहेब गाडीतून उतरले. धोतराचा सोगा हातात धरून माझ्या पुढं झाले, डब्यापाशी गेले, गुडघ्यावर हात ठेवून वाकले. मला वाटलं, नुसतं दाखवायला वाकले. पण त्यांनी खरोखर डोकं आत घातलं. पलीकडून त्यांचा माणूस ओरडला, "या साहेब, या, या!"

तेवढ्यात मालगाडीला हिसका बसला. लांबून सुरू होऊन एकेक डबा आदळत तो आवाज आमच्यापर्यंत आला आणि पुढं गेला. चाक हातभर सरकलं. साहेबांनी डोकं कसं बाहेर काढलं ते त्यांनाही कळलं नसेल. त्यांनी माझा दंड धरला. घट्ट. त्यांची टोपी आत रुळावर पडली होती.

गाडी पुन्हा थांबली. साहेब बराच वेळ टोपीकडे बघत होते.

"रोज जातात?" ते म्हणाले. "असे?"

"रोज, साहेब."

पारूबाईनं वाकून, हात घालून, टोपी बाहेर काढली, झटकली आणि दिली. बरोबर एक काकडीही दिली. साहेबांनी ती खाल्ली. खाता खाता जिनिंग मिलचा तीनचा भोंगा झाला.

माझ्या आयुष्यात दुसऱ्या कुणाचा भोंगा मला इतका गोड वाटला नाही.

चिन्ह

साहेबांच्या पक्षाचं चिन्ह समई. मला मिळालं टेबललॅम्प. यंत्रावर नखाएवढी काळी-पांढरी चित्रं असतात. दोन्ही उभी, दोन्हींना खाली बूड, दोन्हींना वर उजेड. उपळेकर म्हणाले, "बघा, देवाच्याच मनात होतं." अर्थात टेबललॅम्प त्यांनीच मागितला होता.

प्रचार

केला नाही. दुसऱ्या गावच्या भोंगेवाल्यानं गोरवडात येऊन माझं नाव घेतलं, साहेबांसाठी. त्याचा गळा किरटा होता.

मौनकाळ

मतदानाआधीचे दोन दिवस प्रचार बंद असतो. सगळे उमेदवार गप्प बसतात. मला वेगळं काही करावं लागलं नाही.

 

 

मतदान

रांगेत इंदू माझ्या मागं होती. परतताना मी विचारलं, "कुणाला दिलंस?"

"समईला."

"अगं, मी टेबललॅम्प!"

"रोज संध्याकाळी समई लावते मी. हात आपोआप गेला." थोडं चालल्यावर तिनं विचारलं, "तुम्ही?"

मी यंत्रासमोर उभा राहिलो होतो तेव्हा माझं नाव मला दोनदा दिसलं होतं. तीन निवडणुका ज्या नावानं ओरडलो ते वर होतं, आधी दिसलं. बाकी मतदान गुप्त असतं.

मोजणी

साहेब सात हजार मतांनी पडले. मला मिळाली अकरा हजार.

गुंजाळ निवडून आले. गोरवडात गुलाल उधळला. उपळेकरांनी मला मिठी मारली आणि अॅम्प्लिफायरची वॉरंटी पाठवून देतो म्हणाले. अजून पाठवतायत.

संध्याकाळी टीव्हीवर टाय लावलेले एक गृहस्थ सांगत होते की मतदार आता फार प्रगल्भ झाला आहे. साहेबांच्या आघाडीला दोनशे एकाहत्तर जागा मिळाल्या होत्या. एकच कमी. गृहस्थ म्हणाले, जनतेनं अत्यंत विचारपूर्वक, सत्तेवर अंकुश ठेवण्यासाठी, एक जागा राखून ठेवली. इंदू समईची वात सारखी करत होती. ती म्हणाली, "माझं मत गेलं होतं हो बरोबर."

त्या एका जागेसाठी आघाडीनं कुठल्याशा लांबच्या राज्यातल्या एका अपक्षाला गाठलं. तो म्हणाला, रेल्वे द्या. दिली. राज्यमंत्री झाला. पुढच्या वर्षी त्याच्या गावात दोन बोगदे झाले. गावातून रेल्वे एकच जात होती.

अपक्ष. मीही अपक्षच होतो. नशीब फक्त चुकीच्या फाटकावर उभं होतं.

मोजणीच्या दुसऱ्या दिवशी फाटकावर गेलो. वाटलं होतं, आता विचारतील तर सांगू, ते पडले. पारूबाई टोपली घेऊन आली. तिनं डोळे बारीक केले.

"मी तुला दिलं, भोंग्या. मुद्दाम. दिवा बघून."

"मला? का?"

"तू निवडून आलास तरी बोगदा होत नाही, ही खात्री होती. बोगदा झाला तर माझ्या काकड्या कोण घेणार?" मग ती मोठ्यानं ओरडली, सगळ्यांना ऐकू जाईल असं, "काय खासदार, बोगदा कुठाय?"

भोंग्याचा खासदार झालो होतो. प्रश्न तोच होता.

अनामत

जप्त झाली. एकूण मतांचा सहावा हिस्सा मिळाला नाही तर होते. गुंजाळांची होती, गुंजाळांची गेली.

ते सरकार पाच वर्षं टिकलं. पुढच्या निवडणुकीत साहेब पुन्हा उभे राहिले. त्यांनी आधी मतदारयादीत त्र्यंबक शेळके किती आहेत ते मोजलं. पाच निघाले. पाचहीजणांना त्यांनी अर्ज भरायची तारीख संपेपर्यंत काशीयात्रेला पाठवलं. मी गेलो होतो. सोय चांगली होती. साहेब जिंकले, आणि निवडून आल्यावर त्यांनी पहिलं काम केलं ते बोगद्याचं. फाइल दिल्लीवरून कशी गेली, किती दिवसांत गेली, काही कळलं नाही. दीड वर्षात बोगदा उभा. म्हणजे आडवा.

पंधरा वर्षं मतदार मागत होते, तेव्हा झाला नाही. एका माघारीला रस्ता मिळाला नाही, तेव्हा झाला.

उद्घाटनाची दवंडी मीच दिली. फीत कापून झाल्यावर साहेबांनी मला बाजूला घेतलं. मोठ्या दगडी पाटीसमोर आम्ही दोघं उभे राहिलो. 'मा. खासदार श्री. त्र्यंबक शेळके यांच्या अथक प्रयत्नांतून.' वडिलांचं नाव घालायचं राहून गेलं होतं.

"एक विचारू?" साहेब म्हणाले. "त्या दिवशी तू खालून का नाही गेलास रे? पाटीबिटी सोड. खरं सांग."

"साहेब, तुम्ही विचारलंत ना, रोजच असं पडतं का?"

"मग?"

"म्हटलं, साहेबांना पहिल्यांदाच प्रश्न पडलाय. पुरतं उत्तर मिळू दे."

साहेबांनी टोपी काढली, डोकं खाजवलं, पुन्हा घातली. गाडीत बसले आणि नव्या बोगद्यातून, हमरस्ता टाळून, गेले.

बोगदा चांगला आहे. फक्त जवळून कालवा जातो, त्याचं पाणी झिरपतं. आठवड्यातून दोनदा गुडघाभर साचतं. फाटक आता कायमचं भिंत घालून बंद केलंय, त्यामुळं लोक पाण्याच्या दोन्ही बाजूंना अडकतात. पारूबाई तिथं काकड्या विकते. धंदा पूर्वीपेक्षा बरा आहे म्हणते. रेल्वेबाई तिला मदत करते, शाळा सुटल्यावर.

साहेब आता थकलेत, दिल्लीलाच असतात. पाटी मात्र धडधाकट आहे. बाहेरगावचा माणूस अडकला आणि चिडून विचारायला लागला की हे कोणाचं काम, तर पारूबाई टोपली खाली ठेवून आधी पाटी दाखवते, मग मला दाखवते.

"हे काय, हेच ते. काय खासदार, पाणी कधी काढताय?"

सुरुवातीला मी सांगायचो, बाई, तो त्र्यंबक वेगळा. कोणी ऐकेना. पाटीवर नाव आहे म्हटल्यावर कोण ऐकणार? गेल्या वर्षी मी अॅम्प्लिफायर विकला. एक डिझेल पंप घेतलाय. रिक्षाच्या मागं बसतो बरोबर.

पाणी साचलं की मी पंप लावतो. त्याचा आवाज फार मोठा आहे, माझ्या कर्ण्यांपेक्षाही. त्यात काही बोललेलं ऐकू येत नाही.